जर्मनी बघायची राहून जाते

सकाळी साडेसहाच्या सुमारास तळेगाव स्टेशनाच्या बाहेर उभं राहावं. चाकणकडे निघालेल्या कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक भरत असतात. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक, अर्ध्यांचे डोळे अजून झोपेत. या बसमधलं कुणी ना कुणी दरवर्षी जर्मनीला जातं. कुणी तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला, कुणी नव्या मशिनच्या ट्रायलला, कुणी वर्षभराच्या प्रोजेक्टवर. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना ३१ मार्च २००९ रोजी सुरू झाला, मर्सिडीजही त्याच वर्षी चाकणला आली, आणि बेअरिंग बनवणारी शेफलर तर आमच्या तळेगावातच आहे. स्टुटगार्ट, वोल्फ्सबुर्ग ही नावं इथल्या घरांतून हिंजवडी, रांजणगाव म्हणावं तितक्या सहज घेतली जातात.

मी टूलरूममध्ये तीस वर्षं काढली. त्या काळात चार वेळा जर्मनीला जाणं झालं. निवृत्तीनंतर पाचव्यांदा सौ.ला बरोबर घेऊन गेलो, फक्त बघायला. त्यामुळे जर्मनीला निघालेली आमच्या भागातली पोरं निघण्याआधी घरी येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. "काका, शनिवार-रविवार सुट्टी आहे. पॅरिस करू का स्वित्झर्लंड?"

मी सांगतो, आधी जर्मनी बघ.

पोरांना ते पटत नाही. परत येतात तेव्हा फ्रिजवर आयफेल टॉवरचं चुंबक चिकटलेलं असतं आणि फोनमध्ये टिटलिसच्या बर्फातले फोटो असतात. ज्या देशात सहा महिने राहिले तिथलं हॉटेल, कारखाना आणि जवळचं सुपरमार्केट एवढंच पाहिलेलं असतं. ग्रुप टूरवाल्यांचंही तेच. ब्लॅक फॉरेस्टमध्ये टिटिझेच्या तळ्याकाठी गाडी थांबते, कोकिळेचं घड्याळ आणि केक होतो, कोलोनच्या चर्चसमोर पंधरा मिनिटं फोटो होतात आणि जर्मनी संपते. आल्प्स स्वित्झर्लंडकडे, प्रेमाची ख्याती पॅरिसकडे, कला इटलीकडे. जर्मनीकडे काय, तर यंत्रं. ही समजूत खोटी आहे आणि त्यापायी आपल्या माणसांचं नुकसान होतं, म्हणून हा लेख.

सुरुवात मात्र यंत्रांपासूनच करतो, कारण आमच्या पट्ट्यातल्या लोकांना तिथे घरच्यासारखं वाटतं. स्टुटगार्टचं मर्सिडीज-बेंझ म्युझियम २००६ साली उघडलं. आत शिरल्यावर लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर नेतात आणि लिफ्टचं दार उघडतं तेव्हा समोर एक पांढरा घोडा उभा असतो. मोटार येण्याआधीचं जग असं एका घोड्यात सांगून टाकलंय. तिथून गोल उताराने काळ खाली उतरत येतो, १८८६ पासून आजपर्यंत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कार्ल बेंझच्या तीनचाकीसमोर अर्धा तास उभा होतो. तिची चेन, तिचं मोठं आडवं फ्लायव्हील, नट कुठे कसे बसवलेत. फायलीचं काम हाताला माहीत असलेल्या माणसाला त्या गाडीत दुसऱ्या माणसाचा हात दिसतो. सोमवारी म्युझियम बंद असतं, तेवढं लक्षात ठेवावं.

त्या तीनचाकीची खरी गोष्ट मात्र कार्लपेक्षा त्याच्या बायकोची आहे. १८८८ चा ऑगस्ट. गाडी तयार होती, पण घ्यायला कुणी पुढे येत नव्हतं. बर्था बेंझ पहाटे उठली, नवऱ्याला न सांगता दोन मुलग्यांना बरोबर घेतलं आणि मानहाइमहून गाडी काढून निघाली ती थेट फोर्झहाइमला. फोर्झहाइम तिचं माहेर. शंभरेक किलोमीटरचा रस्ता, तोही बैलगाडी-घोडागाडीचा. इंधन संपत आलं तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन विकत घेतलं. डाग काढायला वापरायचं ते द्रव. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. उतारावर ब्रेक झिजले, तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. म्हणजे जगातली पहिली लांबची मोटारसफर, पहिला पेट्रोलपंप आणि पहिलं ब्रेक-लायनिंग हे सगळं एका बाईच्या माहेरवाटेवर झालं. तिचा मार्ग आज ‘बर्था बेंझ मेमोरियल रूट’ म्हणून पाट्या लावून राखलाय. वीसलोखचं ते औषधाचं दुकान आजही दाखवतात. ज्यांच्या घरात ब्रेक-लायनिंगवर पोट चालतं त्यांनी तरी हा रस्ता एकदा करावा.

वोल्फ्सबुर्गचं ऑटोश्टाट २००० साली सुरू झालं. काचेच्या दोन गोल मनोऱ्यांत नव्या गाड्या रचून ठेवलेल्या असतात आणि यांत्रिक हात त्यांतली एकेक उचलून खाली आणतो. लहान मुलं तिथून हलत नाहीत. पण मला या शहरातली दुसरी गोष्ट सांगायची आहे. वोल्फ्सबुर्ग हे जुनं गाव नाही. १९३८ साली हिटलरच्या राजवटीने ‘लोकांच्या गाडी’साठी ते वसवलं आणि युद्धात तिथे हजारो माणसांकडून सक्तीने काम करून घेतलं गेलं. कारखान्याच्या आवारातल्या एका जुन्या हवाई हल्ल्याच्या तळघरात त्या मजुरांचं स्मृतिस्थळ केलंय. आगाऊ वेळ घेऊन ते बघता येतं. कंपनीने आपल्याच आवारात आपल्याच इतिहासाचा सर्वांत वाईट भाग मांडून ठेवायचा, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. मग पुढे जर्मनीभर तेच दिसत गेलं.

आता गड. मावळात वाढलेल्या माणसाला गड सोडून चालत नाही. घराच्या गच्चीवरून ढग नसतील तेव्हा आम्हाला डोंगरांची रांग दिसते आणि लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना ही नावं शाळेत जायच्या आधीच पाठ होतात. तेव्हा ऱ्हाइन नदीची दरी आपल्यासाठीच आहे असं समजा. बिंगेनपासून कोब्लेंझपर्यंत साधारण पासष्ट किलोमीटरच्या पट्ट्यात चाळीसच्या आसपास किल्ले. एक वळण घेतलं की डोंगराच्या सोंडेवर एक, समोरच्या तीरावर दुसरा. खाली द्राक्षांचे मळे, नदीतून मालवाहू बोटी. हा पट्टा २००२ पासून जागतिक वारशात आहे. उन्हाळ्यात बोटी चालतात. बोट परवडत नसेल तर माइन्झहून कोब्लेंझला डाव्या तीरावरून जाणारी साधी पॅसेंजर पकडावी आणि उजव्या हाताची खिडकी धरावी. सगळी दरी त्या खिडकीतून दिसते.

त्यातले बहुतेक किल्ले फुटलेले आहेत. १६८९ च्या सुमारास फ्रेंच फौजांनी ते पाडले, जसा १८१८ साली इंग्रजांनी आपला विसापूर सुरुंग लावून फोडला. कारण दोन्हीकडे एकच: हरलेल्याला पुन्हा वर चढून बसता येऊ नये. ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग तेवढा कधी पडला नाही. म्हणून आत स्वयंपाकघर, तोफांचा माळा, हत्यारांची खोली सगळं शाबूत आहे. मोझेल नदीच्या बाजूच्या जंगलातला एल्ट्झचा किल्ला तर आठशेहून अधिक वर्षं एकाच घराण्याकडे आहे. ओढ्याकाठच्या पायवाटेने चालत गेलात तर तो अचानक झाडीतून वर येतो, अगदी तिकोन्याच्या वाटेवर शेवटच्या वळणाला बुरूज अंगावर येतो तसा. हिवाळ्यात तो बंद असतो.

इथे एक फरक समजून घ्यावा म्हणजे पुढची फसगत टळते. जर्मन भाषेत ‘बुर्ग’ म्हणजे लढाईचा गड आणि ‘श्लोस’ म्हणजे राजवाडा. नॉयश्वानश्टाइन हा श्लोस आहे. बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाने १८६९ साली तो बांधायला घेतला, तेव्हा तोफांचा काळ असल्या बांधणीच्या कधीच पुढे निघून गेला होता. राजाला जुन्या दंतकथांच्या जगात राहायचं होतं. १८८६ साली तो श्टार्नबर्गच्या तळ्यात मृतावस्थेत सापडला तेव्हा महालाच्या पुष्कळ खोल्या अपुऱ्याच होत्या. काही आठवड्यांतच तो तिकीट लावून लोकांना खुला केला गेला आणि तेव्हापासून गर्दी कमी झालेली नाही. जुलै २०२५ मध्ये लुडविगचे महाल जागतिक वारशाच्या यादीत आले, त्यामुळे ती वाढेलच. माझं मत विचाराल तर आतली अर्ध्या तासाची फेरी चुकली तरी चालेल. मागच्या मारीएनब्रुके पुलावर जा, तिथून पांढरा महाल, खाली खोल घळ आणि पलीकडे सपाट बव्हेरिया दिसते. आमच्या सौ.ने तो देखावा पाहून राजमाचीच्या पावसाळ्याची आठवण काढली. मलाही ती पटली.

कोलोनच्या चर्चसमोर ग्रुप टूर पंधरा मिनिटं थांबते असं वर म्हटलं. त्या पंधरा मिनिटांत माणसं मान वर करतात आणि खाली घेतात. या इमारतीचं काम १२४८ साली सुरू झालं. सोळाव्या शतकात पैसा आणि उत्साह आटला. अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन तशीच उभी राहिली, सुमारे चारशे वर्षं. पिढ्यांमागून पिढ्या ती क्रेन बघत जन्मल्या आणि मेल्या. मग १८१४ साली दर्शनी भागाच्या मध्ययुगीन नकाशाचा अर्धा तुकडा डार्मश्टाटमध्ये एका माळ्यावर सापडला, उरलेला पॅरिसमध्ये मिळाला. १८४२ साली काम पुन्हा सुरू झालं आणि मूळ नकाशाबरहुकूम १८८० साली १५७ मीटरचे दोन मनोरे पूर्ण झाले. ड्रॉइंग सांभाळलं गेलं म्हणून सहाशे वर्षांनी जॉब पुरा झाला. दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या चढायची तयारी ठेवा. लोहगड चढणाऱ्याला त्याचं काही वाटू नये. दुसऱ्या महायुद्धात यावर अनेक बॉम्ब पडले, भोवतालचं शहर भुईसपाट झालं, पण चर्च उभं राहिलं.

ड्रेस्डेनचं नशीब तसं नव्हतं. तेरा फेब्रुवारी १९४५ च्या रात्री बॉम्बफेक सुरू झाली, शहर पेटलं आणि पंधरा तारखेला फ्राउएनकिर्खे हे दगडी घुमटाचं चर्च उष्णतेने खचून कोसळलं. पूर्व जर्मनीच्या काळात चाळीसेक वर्षं त्याचा ढिगारा चौकात तसाच ठेवला होता. देश एक झाल्यावर लोकांनी वर्गणी काढली. ढिगाऱ्यातला एकेक दगड उचलून, मोजून, क्रमांक घालून तो मूळचा कुठे होता ते शोधलं आणि शक्य तिथे त्याच जागी बसवला. ३० ऑक्टोबर २००५ रोजी चर्च पुन्हा उघडलं.

या चर्चच्या भिंतीजवळ जा, अगदी हाताच्या अंतरावर. नवा वालुकाश्म फिकट पिवळा आहे. मधेमधे काळे दगड आहेत, ते जुने. एकेका काळ्या दगडाच्या कडा झिजलेल्या, टवके उडालेले, आणि त्याला जोडून बसवलेला नवा दगड मात्र अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे नाही. मी त्या सांध्यावरून बोट फिरवलं. फिटिंगच्या कामात आयुष्य गेलेला माणूस सांध्यावरून बोट फिरवल्याशिवाय राहूच शकत नाही. जुन्या झिजलेल्या भागाला नवा भाग बसवणं हे नवं बनवण्यापेक्षा किती अवघड असतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या डोळ्यांत त्या भिंतीसमोर पाणी येईल. घुमटावरचा नवा सोनेरी क्रूस ब्रिटनहून भेट आला. तो घडवणाऱ्या कारागिरांतल्या ॲलन स्मिथ यांचे वडील ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानांपैकी एकाचे वैमानिक होते. जुना वाकलेला क्रूस आत ठेवलाय. माझ्या मते साऱ्या जर्मनीत एकच इमारत बघायची असेल तर ही बघावी.

बर्लिनला किमान चार दिवस द्या. ब्रांडेनबुर्ग दरवाजा, १९९९ पासून लोकांसाठी खुला असलेला राइश्टागचा काचेचा घुमट, भिंतीच्या उरलेल्या १.३ किलोमीटरवर चित्रं काढलेली ईस्ट साइड गॅलरी, हे सगळे बघतातच. घुमटाला पैसे लागत नाहीत, पण आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं. नॉयेस म्युझियममधली नेफर्टिटी चुकवू नका. शेजारचं परगामोन म्युझियम दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२३ पासून बंद आहे. जाण्याआधी चौकशी करा. भिंत खरी कळते ती बेर्नाउअर श्ट्रासेवर. रस्त्याची एक बाजू पूर्वेत, दुसरी पश्चिमेत. १३ ऑगस्ट १९६१ ला भिंत उभी राहू लागल्यावर लोकांनी आपल्याच घरांच्या खिडक्यांतून पश्चिमेच्या फुटपाथवर उड्या मारल्या. तिथे भिंतीचा एक तुकडा, मधली मोकळी पट्टी आणि पहाऱ्याचा मनोरा बघायला मिळतो.

ब्रांडेनबुर्ग दरवाज्यापासून थोड्या अंतरावर काँक्रीटचे २,७११ ठोकळे आहेत. युरोपातल्या हत्या झालेल्या ज्यूंचं हे स्मारक, २००५ सालचं. बाहेरून ठोकळे गुडघ्याएवढे दिसतात. आत चालत गेलं की जमीन खाली उतरत जाते, ठोकळे डोक्यावर जातात, शहराचा आवाज बंद होतो आणि शेजारून चालणारं आपलं माणूस दिसेनासं होतं. राजधानीच्या मधोमध, संसदेच्या जवळ, देशाने आपल्या गुन्ह्याला एवढी जागा दिली आहे.

त्याहून लहान, आणि मला त्याहून जास्त भिडलेलं स्मारक पायाखाली असतं. दहा बाय दहा सेंटिमीटरची पितळी पट्टी, फुटपाथच्या दगडांत बसवलेली. ‘इथे राहत होते’ असं लिहून पुढे नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९० च्या दशकात हे काम सुरू केलं, आणि २०२३ पर्यंत अशा एक लाखाहून जास्त पट्ट्या युरोपभर बसल्या. आम्ही राहत होतो त्या गल्लीत एका दारासमोर चार होत्या. आई, वडील आणि दोन मुली. एका सकाळी एक आजी गुडघ्यावर बसून कापडाने त्या पुसत होत्या. भांडी घासताना पितळ उजळतं तसं ते उजळत होतं. सौ. खाली वाकली आणि त्यांच्याबरोबर पुसायला लागली. एकमेकींची भाषा दोघींना येत नव्हती.

बर्लिनच्या डालेम भागात एक मराठी खूण आहे. इरावती कर्वे १९२८ ते १९३० या काळात बर्लिनमध्ये मानवशास्त्राचा अभ्यास करत होत्या, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली. त्या जिथे शिकल्या ती कैसर विल्हेल्म संस्थेची इमारत ईने श्ट्रासेवर आहे. आज ती फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे. मानवी कवट्यांच्या असममितीचा वंशाशी संबंध आहे का, हा इरावतीबाईंचा विषय होता, आणि वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेला बळ देईल असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. गुरूला काय ऐकायला आवडलं असतं हे माहीत असूनही मोजमापं जे सांगतात तेच लिहिलं. पुढे हीच संस्था नाझींच्या वंशविज्ञानाचं केंद्र झाली आणि आउशविट्झमधून तिथे नमुने पाठवले गेले. दारावर पाटी आहे. त्यांचं ‘युगान्त’ वाचलेल्या प्रत्येकाने त्या दारासमोर पाच मिनिटं उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

मराठी खुणांचा विषय निघालाच आहे तर हायडेलबर्ग. नदी, जुना पूल, वर फ्रेंचांनी फोडलेला लालसर दगडाचा किल्ला, १३८६ चं विद्यापीठ. पर्यटक हे बघून परततात. पण याच विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत गुंटर सोंथायमर शिकवत होते. खंडोबा, बिरोबा, म्हसोबा आणि धनगरांच्या ओव्या यांवर या माणसाने आयुष्य घातलं. जेजुरीच्या भंडाऱ्यात आणि धनगरांच्या वाड्यांवर ते वर्षानुवर्षं हिंडले, अस्खलित मराठी बोलत. वारीवर त्यांनी चित्रपटही केला. १९९२ साली ते गेले. आपल्या कुलदैवताबद्दल आपल्याला जे शिकवायला हवं होतं, ते नेकार नदीच्या काठी बसून कुणी लिहून ठेवलं, ही आठवण घेऊन तो पूल ओलांडा. बॉनला बेथोव्हनचं घर बघायला जाल, तेव्हा हेही ध्यानात असू द्या की तिथल्या विद्यापीठात १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बाबासाहेब आंबेडकरांनी नाव नोंदवलं होतं.

म्युनिकमध्ये मारीएनप्लाट्झच्या घड्याळातल्या नाचणाऱ्या बाहुल्या सकाळी अकरा वाजता बघून घ्या आणि मग दिवसभर डॉइचेस म्युझियममध्ये बसा. इझार नदीच्या बेटावरचं हे विज्ञान-तंत्रज्ञानाचं म्युझियम; काही दालनांची दुरुस्ती टप्प्याटप्प्याने चालू असते. म्युनिकजवळच डाखाउ आहे. मार्च १९३३ मध्ये उघडलेली नाझींची छळछावणी. प्रवेश मोफत आहे. लहान मुलांना नेऊ नका, मोठ्यांनी चुकवू नका, आणि त्या दिवशी संध्याकाळचा दुसरा कार्यक्रम ठेवू नका.

म्युनिकची एक गोष्ट मात्र थेट आपल्या मावळात येते. १७९६ च्या सुमारास अलॉइस सेनेफेल्डर याने इथे शिळामुद्रण शोधलं. तेल आणि पाणी मिसळत नाहीत, या एवढ्याशा गोष्टीवर दगडावरून चित्र छापायची ही रीत. त्यासाठी लागणारा अतिशय बारीक पोताचा चुनखडीचा दगड बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणीतला. याच खाणीच्या पट्ट्यात १८६१ साली आर्किओप्टेरिक्सचा, म्हणजे पिसं असलेल्या त्या प्राचीन प्राण्याचा जीवाश्म सापडला. तर शिळामुद्रणाची ही विद्या जर्मन यंत्रं आणि जर्मन तंत्रज्ञ यांच्याबरोबर हिंदुस्थानात आली. राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि १८९९ साली तो मळवलीला हलवला. पुढे त्याने तो फ्रिट्झ श्लाइखर या आपल्या जर्मन तंत्रज्ञालाच विकला. आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी आणि सरस्वती ज्या छापखान्यातून निघाली तो लोहगडाच्या पायथ्याशी, एका जर्मन माणसाने चालवला होता. दादासाहेब फाळक्यांनीही चित्रपटाच्या आधी लोणावळ्यात छपाईचा व्यवसाय केला आणि १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रं व तंत्र आणायला ते जर्मनीला गेले. चाकणची वसाहत उठण्याच्या शंभर वर्षं आधी मावळ आणि जर्मनी यांची सोयरीक झाली होती.

बाकी ठिकाणं भराभर सांगतो. एसेनची झोलफेराइन कोळसाखाण १९८६ साली बंद पडली. यंत्रं न मोडता तिचं म्युझियम केलं आणि २००१ साली ती जागतिक वारसा झाली. बंद पडलेला कारखाना म्हणजे भंगार, असं मानणाऱ्या प्रत्येकाने ती पाहावी. आमच्या तळेगावात १९०८ साली एकेक पैसा गोळा करून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. त्या भट्टीची गोष्ट परगावच्या माणसाला स्टेशनावर उतरल्या उतरल्या कळावी, असं मला एसेनला उभं असताना फार वाटलं. वुपरटालला १९०१ पासून नदीवर उलटी लटकून धावणारी रेल्वे आहे, मुलांना न्यावंच. लाइपझिगच्या निकोलाइ चर्चपासून ९ ऑक्टोबर १९८९ ला सत्तर हजार लोक हातात मेणबत्त्या घेऊन निघाले आणि गोळी चालली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली. हॅम्बुर्गला जुनी गोदामं आणि छोट्या रेल्वेंचं मिनिआतुर वुंडरलँड. न्यूर्नबर्गला नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला ते सहाशे क्रमांकाचं न्यायदालन, आणि तिथून जवळच हेर्त्सोगेनआउराख, जिथे शेफलरचं मुख्यालय आहे आणि भांडलेल्या दोन सख्ख्या भावांनी आदिदास व पुमा काढल्या. त्सुगश्पिट्झ हे २,९६२ मीटरचं जर्मनीतलं सर्वांत उंच शिखर. वर रेल्वेही जाते, केबल कारही. बर्फासाठी स्वित्झर्लंडलाच जायला हवं असं नाही. रोथेनबुर्ग सुंदर आहे, पण दुपारी बसगाड्यांनी भरतं. मुक्काम करून पहाटे तटबंदीवर चाला.

आता व्यवहाराचं. फिरायला गेलात तर शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. मे ते सप्टेंबर उत्तम. नाताळचे बाजार नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होतात, थंडी सोसणाऱ्यांनी तेव्हा जावं. सहा महिने राहणाऱ्यांनी महिन्याचं डॉइचलँड तिकीट काढावं. २०२३ साली ते ४९ युरोंना सुरू झालं, नंतर दर वाढला, तरी देशभरच्या पॅसेंजर गाड्या, ट्राम, बस सगळं त्यात येतं. जलद आयसीई गाड्या येत नाहीत. जर्मन गाडी मिनिटाबरहुकूम धावते या भरवशावर राहू नका. लांब पल्ल्याच्या गाड्यांना आता उशीर होतो, म्हणून विमान गाठायचं असेल तर दोन तासांची सवड धरा. रविवारी दुकानं बंद असतात, दूध-ब्रेड शनिवारी आणा. प्लॅस्टिकची बाटली फेकू नका. सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की पंचवीस सेंट परत मिळतात. शाकाहाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही: पावाचे प्रकार मोजता येत नाहीत, चीज घातलेलं श्पेत्झले पोटभरीचं असतं, आणि वसंतात पांढरं श्पार्गेल मिळतं ते सोडू नका. लोक गंभीर दिसतात, पण वाट विचारली तर सोबत चालत येऊन दाखवतात.

शेवटी निघणाऱ्या पोरांना एक विनंती. व्हिसाचे कागद जमेपर्यंत एखादा रविवार मोकळा मिळेलच. तेव्हा लोकलने मळवलीला जाऊन या. सकाळी भाज्याची लेणी बघा, ऊन चढायच्या आत लोहगड करा, आणि उतरताना गावात विचारा की रविवर्म्याचा छापखाना कुठे होता. १९७२ सालच्या आगीत तो जळाला. तळेगावहून वडगाव, कान्हे, कामशेत, मग मळवली. चौथं स्टेशन आहे.